वाऱ्याची फणी : वाचकांची पत्रे

मागच्या अंकात मी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सान सेबास्तियान शहरातल्या एका शिल्पाविषयी लिहिले होते. एदुआर्दो चियीदा या बास्क शिल्पकाराने समुद्रात घुसलेल्या खडकांवर पोलादाचे तीन प्रचंड आकार रोवले आणि त्यांना नाव दिले ‘वाऱ्याची फणी’. तिथल्या बास्क भाषेत ‘आइसेआरेन ओर्रासिया’. 1977 पासून ते तिथे लाटा खात उभे आहेत. त्या लेखावर पत्रे आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. ज्यांना थोडक्यात उत्तर दिले आहे त्यांनी राग मानू नये, काही प्रश्नांनी मला पुन्हा त्या पायऱ्यांवर नेऊन बसवले, तिथे लेखणी थांबली नाही.

साताऱ्याहून एक आजी लिहितात : तुमचा लेख नातीने वाचून दाखवला, फोटोही दाखवला. फणी म्हटली की दाते हवेत, एकाला एक लागून. इथे तीन वाकडे आकडे, तेही एकमेकांपासून लांब. यातून वारा विंचरला कसा जाणार? नाव मराठीत आणताना तुमची काही चूक तर झाली नाही?

आजी, तुमची शंका मला फार आवडली, कारण या शब्दापाशी मीही अडले होते. आधी ‘कंगवा’ लिहिले होते. मग आईची शिसवी फणी आठवली, आणि तिच्याबरोबर इचलकरंजीला पाहिलेल्या हातमागाची फणी. मागावर ताण्याचे शेकडो धागे त्या फणीतून ओवून येतात. फणीच्या मागे त्यांचा गुंता व्हायची भीती असते, पुढे आले की प्रत्येक धागा आपापल्या जागी असतो. त्या खडकांवर वाऱ्याचे असेच काहीतरी चालले आहे असे मला वाटले, म्हणून फणी.

आता दात्यांचे. आधी ती जागा डोळ्यांसमोर आणा. सान सेबास्तियानची खाडी शिंपल्यासारखी गोल आहे, तिचे नावच ‘ला कोंचा’, म्हणजे शिंपला. खाडीच्या पश्चिम टोकाला ओंदारेताची वाळू संपते, इगेल्दो डोंगराचा पाय समुद्रात उतरतो आणि रस्ताही तिथेच संपतो. पुढे खडक आणि बिस्केचा उपसागर. वायव्येकडून समुद्रावरून येणारा वारा शहरात शिरण्याआधी या कोपऱ्याला धडकतो. चियीदा याच गावचा, जन्म 1924 चा. लहानपणापासून तो इथे लाटा बघायला येत असे. पुढे जगभर नाव झाले, व्हेनिसच्या द्वैवार्षिकात, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, 1958 साली शिल्पकलेचा मोठा पुरस्कार मिळाला, तरी हा कोपरा त्याच्या डोक्यातून गेला नाही. ‘वाऱ्याची फणी’ या नावाचे पहिले शिल्प त्याने 1952 मध्ये केले. समुद्रावरचे हे त्या मालिकेतले पंधरावे. म्हणजे पंचवीस वर्षे हा माणूस एकच फणी घडवत होता.

मी गेले ती नोव्हेंबरात. पहिल्या दिवशी वारा पडलेला होता. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. तीन तांबूस आकार खडकांतून बाहेर आलेले, जाड दांड्याला फुटलेली वळलेली बोटे असावीत तसे. मी खूप वेळ बसले आणि मनात म्हटले, एवढ्यासाठी इतक्या लांब आले का? दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची खिडकी वाजायला लागली तेव्हा चहा तसाच टाकून निघाले. तोच कोपरा, तेच पोलाद, पण आता त्या वळलेल्या बोटांच्या मधल्या मोकळ्या जागेतून वारा चालला होता. लाट खडकावर फुटायची, तुषार उडायचे आणि त्या तुषारांमुळे वारा डोळ्यांना दिसायचा. पोलादापाशी तो दुभंगायचा, वळायचा, पुढे जाऊन पुन्हा एक व्हायचा. आजी, तुम्ही म्हणता ते दाते म्हणजे पोलाद आहे असे धरून मी पहिला दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी मला त्या बोटांमधल्या फटी दिसल्या. फणीचे काम फटी करतात, दाते फक्त फटी धरून ठेवतात.

आणखी एक गोष्ट, जी फोटोत येत नाही. जवळचे दोन आकार एकमेकांसमोर आहेत, आडवे, हात पुढे केल्यासारखे. मधे पाणी. तिथल्या खडकांचे थर तिरके आहेत. एका बाजूच्या थराची रेघ डोळ्यांनी पुढे नेली तर ती पाण्यावरून जाऊन समोरच्या खडकातल्या थराला मिळते. कधीकाळी तो अखंड खडक होता, समुद्राने मधला भाग खाल्ला. चियीदाने ते पाहिले आणि दोन्ही आकार त्या तुटलेल्या थरांवर बसवले. तुटलेले दोन भाऊ एकमेकांकडे हात करून आहेत, आणि तिसरा आकार लांब, पाण्यातल्या खडकावर, वर तोंड करून क्षितिजाकडे बघतो. हे कळले तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. पोलाद नंतर आले, आधी कोणीतरी वर्षानुवर्षे त्या खडकाकडे नीट बघत उभे होते.

देवगडहून, ग्रिल आणि गेट बनवणारे एक वाचक : माझे वर्कशॉप समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे, गेट रेड ऑक्साईडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट देऊनही दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते. ते पोलाद उघड्यावर इतकी वर्षे कसे टिकले? कोणता रंग वापरला? आमच्याकडे मिळेल का?

दादा, रंग लावलेलाच नाही. तो गंजच त्याचा रंग आहे.

ज्या जातीचे पोलाद तिथे आहे त्याला कॉर्टेन म्हणतात. त्यात थोडे तांबे, क्रोमियम, निकेल अशी भर असते. साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो सुटून पडतो, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा गंजते. कॉर्टेनवर येणारा गंज दाट आणि चिकट असतो. पावसाने भिजणे, उन्हाने वाळणे असे बरेचदा झाले की त्याचा घट्ट थर बसतो आणि आत हवा-पाणी पोचायचे खूप कमी होते. आधी नारिंगी, मग तपकिरी, शेवटी जवळजवळ काळपट जांभळा. तुमच्याकडच्या जांभ्या दगडाचा पावसात जो रंग होतो, अगदी तो.

पण हे वाचून लगेच कॉर्टेनच्या पत्र्याचे गेट करायला घेऊ नका. हा थर बसायला वाळण्याची संधी लागते आणि मिठापासून अंतर लागते. खाऱ्या तुषारात कॉर्टेनचा थर कधी पक्का होत नाही, तेही खात जाते. मग सान सेबास्तियानला कसे चालले? वजनामुळे. एकेक आकार सुमारे 10 टनांचा आहे. तिथे पत्रा नाही, पोकळ पाइप नाही, माणसाच्या मांडीपेक्षा जाड भरीव पोलाद आहे. समुद्र त्याला खातोच आहे, पण खाण्यासारखे खूप ठेवले आहे. चियीदाने समुद्राशी लढाई मांडली नाही, त्याचा वाटा आधीच काढून ठेवला. पानात काऊघास बाजूला काढतात तसा.

तुमच्या गेटसाठी माझ्या अनुभवातले सांगते. पाणी साठेल असा खोबणीचा सांधा कुठेच ठेवू नका, पोकळ चौकोनी पाइपला खालून भोक ठेवा, वेल्ड ग्राइंडरने घासून सपाट करा. खडबडीत वेल्डमध्ये मीठ बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. गॅल्व्हनाइझ करून घेता आले तर रंगाआधी करा. स्टेनलेस वापरायचेच असेल तर 304 या प्रतीचे समुद्राजवळ तपकिरी डाग देते, 316 मागा, त्यात मॉलिब्डेनम असते. महाग पडेल. आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने गेट धुवा, याला काही खर्च नाही.

गंजाविषयी एक जखम माझीही आहे. एका संस्थेच्या आवारात मी लोखंडाचे काम उभे केले होते, पावसाने त्याच्यावर हळूहळू रंग चढावा म्हणून मुद्दाम उघडे ठेवलेले. तीन वर्षांनी गेले तर त्यावर चकचकीत चॉकलेटी ऑइल पेंट. कोणाला तरी ते ‘खराब झालेले’ दिसले. मी लोहाराच्या घरात वाढले. आमच्या कराडच्या भट्टीत वडील जुनी पहार हातात घेऊन तिच्यावरचा गंज अंगठ्याने चोळत आणि सांगत, ही किती पावसाळे खाऊन आली आहे. गंज म्हणजे लोखंडाचे वय. ते पुसून टाकल्याचे दुःख अजून जात नाही.

सांगलीहून अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी : 10 टनांचे तीन तुकडे, खाली लाटा, क्रेन उभी करायला जागा नाही. बसवले कसे?

हेलिकॉप्टरने नेण्याचा विचार झाला होता, तो सोडून द्यावा लागला. शेवटी लाटांच्या वर तात्पुरता पूल बांधला, त्यावर रूळ टाकले आणि आकार त्या रुळांवरून सरकवत खडकांपर्यंत नेले. समुद्र शांत असेल तेवढाच वेळ हातात. खडकात खोल भोके घेऊन दांडे रोवले. आज बघणाऱ्याला वाटते की ते खडकातूनच उगवले. तो पूल, ते रूळ, यातले काहीच मागे उरलेले नाही.

त्याहून तुला जे अभ्यासण्यासारखे आहे ते पायाखाली आहे. शिल्पापर्यंत जाणारा पायऱ्यापायऱ्यांचा चौक लुईस पेन्या गांचेगी या वास्तुशिल्पकाराने केला. गुलाबी ग्रॅनाइटचा, डोंगराला टेकलेला. त्या फरशीत सात भोके ठेवली आहेत. चौकाच्या पोटात समुद्राचे पाणी शिरते. लाट आत आली की कोंडलेली हवा दाबली जाते आणि भोकांतून फुत्कार टाकत बाहेर येते, मोठ्या भरतीत पाण्याचा फवाराही. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही. भाता आहे तो, अगदी आमच्या घरच्या भात्यासारखा, फक्त दोरी लाटेच्या हातात. मी एका भोकावर तळहात धरला तेव्हा गार, खारट हवा इतक्या जोराने आली की हात उचलला गेला. पहिल्या दिवशीच्या शांत समुद्रातही तो श्वास चालू होता, बारीक. मी पोलादी आकार बघण्यात गुंतले होते, म्हणून मला तो ऐकू आला नव्हता.

गांचेगीचे नाव बहुतेक लेखांत गाळतात. माझ्याही मागच्या लेखात ते राहिले, त्याची ही भरपाई.

कोल्हापूरहून एक वडील : माझा मुलगा तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे आणि घरी आला की चित्रे काढतो, मातीकाम करतो. एकच काहीतरी धर असे मी सांगतो. तुम्ही लेखात ओझरते लिहिले की हा शिल्पकारही गोलकीपर होता. खरे का?

खरे आहे. रेआल सोसिएदाद या सान सेबास्तियानच्याच मोठ्या फुटबॉल संघाचा तो गोलरक्षक होता. गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग माद्रिदला वास्तुशास्त्र शिकायला गेला, ते अर्धवट सोडले, 1948 मध्ये पॅरिसला गेला आणि प्लास्टरमध्ये शिल्पे करू लागला. तिथे काही वर्षांत त्याला कळले की ग्रीक संगमरवरावरचा तो पांढरा स्वच्छ उजेड आपला नाही, आपला उजेड अटलांटिकचा, ढगाळ आणि काळा. 1951 मध्ये तो घराकडे परतला, एर्नानी गावात गावच्या लोहाराच्या भट्टीवर उभा राहिला आणि लोखंड तापवायला शिकला. बास्क प्रदेशात लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या शतकानुशतकांच्या आहेत, त्यामुळे हे शिक्षण त्याला अंगणातच मिळाले.

गोलरक्षणाविषयी तो आयुष्यभर बोलत राहिला. गोलरक्षकाला आणि शिल्पकाराला लागणारे गुण बरेचसे सारखे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला हे मी काय समजावणार? शाहू स्टेडियमवर तुम्ही पाहिलेच असेल, इतर दहा जण चेंडूमागे धावतात आणि गोलकीपर मोकळ्या जागेकडे बघत असतो. कोन किती उघडा आहे, दोन पावले पुढे गेले तर किती बंद होईल, किती वेळ आहे. शिल्पकारही हेच मोजतो. मुलाला दोन्ही करू द्या. आणि गुडघ्याला जपायला सांगा.

मुंबईहून शिल्पकलेचा एक विद्यार्थी : मॅडम, मला अंतिम वर्षासाठी वाऱ्यावर मांडणशिल्प करायचे आहे. गॅलरीत वारा नसतो. पंखे लावून पताका हलवल्या तर ते खोटे ठरेल का?

यंत्र लावले म्हणून खोटे ठरत नाही. 2014 च्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिकात मी शिल्पकार अनिश कपूर यांचा भोवरा पाहिला, ‘डिसेन्शन’ नावाचा. कपूर मुंबईत जन्मलेले, आणि त्या द्वैवार्षिकाची आखणीही मुंबईचेच चित्रकार जितीश कल्लाट यांनी केली होती. फोर्ट कोचीच्या अॅस्पिनवॉल हाउसमध्ये, अगदी पाण्याच्या काठावर, एका खोलीच्या जमिनीत गोल खड्डा आणि त्यात काळे पाणी गरगरत मधोमध आत ओढले जात होते. खाली मोटर होती हे सगळ्यांना माहीत होते. तरी कठड्यापाशी उभे राहिल्यावर पायांतून घरघर वर यायची, पोटात खड्डा पडायचा. शेजारी एक लहान मूल आईचा पदर घट्ट धरून एकटक बघत होते. तिथे मोटर लपवली नव्हती आणि मिरवलीही नव्हती. पाणी फिरले की काय करते ते पाणीच करत होते.

तुझ्या पंख्यांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. पताका आम्हाला आधीच माहीत आहेत. वारा आला की पताका हलते हे सांगायला पदवी लागत नाही. तू वाऱ्याला कधी भेटलास? विषय ठरवण्याआधी हे कर. एक जागा निवड, तुझ्या घराची गच्ची चालेल, बोरिवलीच्या दोन इमारतींमधली बोळ तर उत्तमच. तिथे निरनिराळ्या उंचीवर सुती दोरे बांध आणि महिनाभर सकाळ-दुपार-रात्र ते कुठे झुकतात त्याची वहीत नोंद ठेव. दुपारी समुद्रावरून येणारा वारा उशिरा रात्री जमिनीवरून उलटा वाहू लागतो, हे पुस्तकात वाचलेले असेल. दोऱ्यावर बघितलेस की वेगळे वाटेल. इमारतीच्या कोपऱ्यावर वारा कसा वळतो, कुठे मुका होतो, कुठे शीळ घालतो ते लिही. चित्रेही काढ. महिन्यानंतर तुला काय करायचे ते तुझ्या वहीत असेल, आणि कदाचित त्यात पंखा असेल, कदाचित नसेल.

धीराचे एक उदाहरण देते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या माळावर शिल्पकार वॉल्टर डी मरिया यांनी 1977 मध्ये, म्हणजे फणीच्याच वर्षी, स्टेनलेस पोलादाचे 400 खांब उभे केले. एक मैल लांब आणि एक किलोमीटर रुंद जागेत. नाव ‘लायटनिंग फील्ड’, वीजेचे शेत. खांबांची उंची जमिनीच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त आहे, पण सगळी टोके एका पातळीत येतात, वर काच ठेवली तर ती सपाट बसावी. तिथे वीज क्वचितच पडते. बघायला जाणाऱ्याला तिथल्या झोपडीत रात्र काढावी लागते आणि बहुतेक जण वीज न बघता परततात. पहाटे आणि सांजेला खांब उजळतात, भर दुपारी जवळजवळ नाहीसे होतात. मी तिथे गेलेली नाही, पण ज्याने ते खांब रोवले त्याला आभाळाने आज यावेच असा हट्ट नव्हता, हे मला फार मोठे वाटते. तुझ्या परीक्षेला तारीख आहे, त्याला नव्हती, हेही खरे. म्हणून आजच दोरे बांधायला घे.

पुण्याहून एक निवृत्त दांपत्य : मुलगा फ्रान्सला असतो. मेमध्ये जाणार आहोत, सान सेबास्तियानला एक दिवस जमेल. फणी केव्हा बघावी? चालणे फार होत नाही.

मेमध्ये समुद्र बहुधा निवळलेला असतो, खरा जोर हिवाळ्यात. तरी निराश होऊ नका. भरतीची वेळ आधी बघून ठेवा आणि पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचा. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा दिवस मिळाला तर उत्तम, उधाणाला तिथे भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो आणि भोके चांगली बोलतात. ओंदारेताच्या वाळूच्या कडेने सपाट रस्ता आहे, शेवटपर्यंत चढ नाही. पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, रबरी तळाच्या चपला घाला. समुद्र खवळल्याची सूचना असेल तर नगरपालिका तो भाग बंद करते, तेव्हा कठडा ओलांडू नका, तिथे लाटेने माणसे ओढली जाऊ शकतात.

एक दिवस वाढवता आला तर जवळच एर्नानीला चियीदा यांचे जुने शेतघर आणि त्याभोवतीचे कुरण आहे, ‘चियीदा लेकू’. गवतात त्यांची पोलादी आणि ग्रॅनाइटची कामे उभी आहेत.

काकू, तुम्ही पत्रात लिहिले आहे की तुमच्या यजमानांना आता नीट दिसत नाही. त्यांना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसवा, पाठ डोंगराकडे. मग त्यांचा हात धरून सातांपैकी जवळच्या भोकापाशी न्या आणि तळहात त्यावर ठेवायला सांगा. लाट यायच्या आधी तिथली हवा क्षणभर आत ओढली जाते. ते त्यांना आधी कळेल, तुम्हाला नंतर.